न दिसलेली बुरशी

टॉर्चभाऊला खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि त्यांतली निम्मी त्याच्याशी बोलत नव्हती. बाकी सगळ्यांसाठी तो टॉर्चभाऊ. जुने कॅमेरे आणि लेन्स विकण्या-घेण्याचा एक मोठा ग्रुप फोनवर चालतो. त्यात माणसं एकमेकांचं तोंडही न बघता महागड्या वस्तूंचे व्यवहार ठरवतात, आणि ठरवून झालं की घाबरतात. समोरचा कोण, कुठला, वस्तू चोरीची तर नाही, आतून सडकी तर नाही? मग कुणीतरी लिहितं, टॉर्चभाऊला बोलवा. टॉर्चभाऊ थोडी फी घ्यायचा, भेटीच्या जागी यायचा, वस्तू उलटीपालटी करून बघायचा आणि निकाल द्यायचा. त्यानं एकदा ‘स्वच्छ’ म्हटलं की पुढे कुणी चकार शब्द काढत नसे.

इतर लोक जिथं पेन लावतात तिथं, शर्टाच्या खिशाला, त्याचा करंगळीएवढा टॉर्च अडकवलेला असायचा. लेन्समध्ये मागून असा उजेड पाडला की काचेच्या आतली सगळी लफडी बाहेर येतात. धूळ दिसते, ओरखडे दिसतात, आणि नशीब फुटकं असेल तर बुरशी दिसते. दमट कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे धरतात. ते काच खातात, आणि एका लेन्सची बुरशी शेजारच्या लेन्सला लागते असं या धंद्यातले सगळे मानतात. त्यामुळे ‘बुरशी’ हा शब्द ऐकला की विकणाऱ्याचा चेहरा उतरलाच म्हणून समजा.

ग्रुपच्या माथ्यावर जे नियम चिकटवले होते तेही टॉर्चभाऊनंच लिहिलेले. अनोळखी माणसाला घरी बोलवू नका, त्याच्या घरी जाऊ नका. भेटा ते दिवसाउजेडी, गर्दीत, आणि जमलं तर छताला कॅमेरा असेल अशा जागी. कॅमेऱ्यावरचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघा. पैसे भरल्याचा फोटो कुणी दाखवला तर तो फोटो आहे, पैसे नव्हेत, खात्यात दिसेपर्यंत वस्तू सोडू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, काचेकडे बघा. नियम एकदम चोख होते. त्या नियमांनी कितीतरी लोकांची फसवणूक टाळली, हे त्याच्या शत्रूलाही कबूल करावं लागेल.

हे शहाणपण त्याला फुकट मिळालं नव्हतं. कॅमेऱ्यांच्या एका दुकानात तो काउंटरवर उभा असायचा. दुकान बंद पडलं, तेव्हा बायकोच्या साठवलेल्या पैशांतून त्यानं लांबच्या एका माणसाकडून पार्सलनं कॅमेरा मागवला, पुढे विकायला. खोकं आलं, वजनही बरोबर होतं. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली जमिनीची फरशी निघाली. विकणाऱ्याचा फोन बंद, नाव खोटं, सगळंच खोटं. बायकोचा भाऊ, म्हणजे याचा मेहुणा, पुढचं वर्षभर भेटला की विचारायचा, दाजी, फरशी कुठं बसवली? टॉर्चभाऊच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या दिवसांत त्यानं ठरवलं की यापुढं या जगात आपल्याला कुणी मूर्ख बनवणार नाही. आपणही कुणाला बनवणार नाही, हे ठरवायचं मात्र राहून गेलं.

पहिली काही वर्षं तो खरोखर सरळ वागला. मग एकदा चूक झाली. साधी चूक, मुद्दाम केलेली नव्हे. एका आडदांड, तोंडाळ माणसाची लेन्स बघताना त्याला काचेवरचा ओशट डाग बुरशीसारखा वाटला आणि तो तसं बोलून गेला. इतका वेळ मोठमोठ्यानं बोलणारा तो माणूस एकदम गप्प झाला, कसनुसा हसला, आणि मिळेल त्या भावात लेन्स टॉर्चभाऊलाच देऊन निघून गेला. घरी येऊन कापडानं पुसलं तर डाग गेला. लेन्स लख्ख. टॉर्चभाऊ बराच वेळ ती हातात घेऊन बसला होता. आपल्या एका शब्दानं माणूस असा विरघळतो, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि कळलं ते गोड लागलं.

त्यानंतरची पद्धत अशी. वर्षातून चार-पाच वेळाच, जास्त नाही, कारण लोभ आवरता आला पाहिजे. एखादी खरंच दुर्मीळ, नीट जपलेली लेन्स तपासायला आली की टॉर्चभाऊ टॉर्च लावायचा, भुवया जवळ आणायचा आणि हळहळत म्हणायचा, बुरशी आहे हो. घेणारा तिथंच कच खाऊन निघून जायचा. मग दोन-चार दिवसांनी मेहुणा दुसऱ्याच नावानं विकणाऱ्याला मेसेज करायचा, मला साफसफाईचा नाद आहे, खराब असली तरी चालेल, काय सांगाल ते सांगा. लेन्स कवडीमोलानं घरात यायची, काही महिने कपाटात झोपायची, आणि मग लांबच्या कुणाला तरी ‘टॉर्चभाऊनं बघितलेली, स्वच्छ’ म्हणून विकली जायची. स्वच्छ तर ती होतीच. फरशीची चेष्टा करणारा मेहुणा आता भागीदार झाला होता आणि फरशीचं नावही काढत नव्हता.

स्टुडिओकाका या सगळ्यात आले ते दातांच्या एका डॉक्टरणीमुळे. तिला पोर्ट्रेट काढायचा नवा छंद लागला होता आणि ग्रुपवर तिनं काकांची लेन्स बघितली होती. जुन्या घडणीची, पूर्ण धातूची, हातानं रिंग फिरवून फोकस करायची लेन्स, आता कुठं मिळत नाही अशी. काकांकडे तशाच दोन होत्या. एक वापरात होती, दुसरी कपाटात पडून होती, आणि जो वापरेल त्याच्याकडे जावी एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ग्रुपवर त्यांनी लेन्सबरोबर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो टाकला होता, वस्तू आपल्याकडेच आहे हे दाखवायला, नाव आणि तारीख घालून, शाळेत शुद्धलेखन लिहावं तशा अक्षरात.

काकांचा एक छोटा स्टुडिओ होता, रस्त्याच्या कोपऱ्यावर, खाली चपला दुरुस्त करणारा आणि वर हे. फॉर्मांना लावायचे फोटो, शाळांचे वर्गाचे फोटो, नवराबायकोचे, म्हाताऱ्या आईवडिलांचे. धंदा बेताचाच, पण माणूस भलताच मानी. कॅमेऱ्याला आपोआप फोकस करू देणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. डोळा लावायचा, रिंग फिरवायची आणि पापणीचा केस न् केस सुटा दिसला की बटण दाबायचं. गिऱ्हाईकाला ते स्वतःच सांगायचे, पापण्या मोजून घ्या. जरा अंधुक आलेला फोटो त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नव्हता. गिऱ्हाईक ‘चालेल हो’ म्हणालं तरी त्याला परत खुर्चीवर बसवायचे. गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम, पण माणूस डोळ्यांवर जगत असला की मनात कुठंतरी पाल चुकचुकतेच. एवढंच एक भोक होतं त्या माणसात, आणि टॉर्चभाऊचा टॉर्च नेमका तिथून आत गेला.

भेट ठरल्याप्रमाणे मॉलच्या फूड कोर्टात झाली, छताच्या कॅमेऱ्याखालच्या टॉर्चभाऊच्या नेहमीच्या टेबलावर. काका लेन्स मऊ कापडात, कापड डब्यात, डबा पिशवीत असं घेऊन आले होते. डॉक्टरणीला ती बघूनच आवडली. टॉर्चभाऊनं टॉर्च लावला. इतकी स्वच्छ जुनी लेन्स त्यानं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. काचेत जणू काही नव्हतंच. ती त्याला हवी होती, बस. त्यानं भुवया जवळ आणल्या, लेन्स तिरकी केली, एक सुस्कारा सोडला आणि आपलं ते वाक्य म्हटलं.

डॉक्टरीण बिचारी ओशाळली. काकांचा अपमान आपल्यामुळे झाला असं वाटून तिनं दोनदा माफी मागितली आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेली. काका मात्र हलले नाहीत. चिडलेही नाहीत. त्यांनी टॉर्च मागितला, चष्मा काढला, पुन्हा लावला, लेन्स उजेडासमोर धरून इकडून तिकडून फिरवली. बराच वेळ. आजूबाजूला लोक खात होते, ट्रे आपटत होते.

“मला दिसत नाहीये,” ते म्हणाले.

इथं टॉर्चभाऊनं नुसतं गप्प बसायला हवं होतं. लेन्स मिळणारच होती. पण समोरच्याचा चेहरा उतरताना बघायची चटक लागलेली, जीभ आवरली नाही.

“वय झालं की नाही दिसत, काका. मधोमध आहे बघा, चांगली पसरलीय.”

काकांनी पुन्हा बघितलं. मग लेन्स कापडात, कापड डब्यात, डबा पिशवीत ठेवला आणि फार आभार मानून ते गेले. चार दिवसांनी मेहुण्याचा मेसेज गेल्यावर त्यांनी लेन्सचे पैसेच घेतले नाहीत. सडकी वस्तू विकत नाही, साफ करता आली तर वापरा, असं लिहून पार्सल पाठवून दिलं. मेहुणा पोट धरून हसला. टॉर्चभाऊही हसला, पण जरा कमी.

गोष्ट इथं संपली असती तर एका म्हाताऱ्याची एक लेन्स गेली, एवढ्यावर भागलं असतं. पण काका पडले सरळ माणूस, आणि सरळ माणसाला फसवलं की तो आपल्या सरळपणानंच उरलेलं काम पुरं करतो. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं की माझ्या लेन्सला बुरशी होती आणि मला ती दिसली नाही, तरी पूर्वी माझ्याकडून ज्यांनी वस्तू घेतल्या त्यांनी तपासून घ्याव्यात, खराब निघाल्यास मी परत घेईन. ज्यांनी घेतल्या होत्या त्यांनी लिहिलं, काका, आमची ठणठणीत आहे. काकांना ते पटेना. त्यांना वाटलं, लोक आपली समजूत काढताहेत. एकानं तर घाबरून लेन्स टॉर्चभाऊकडेच तपासायला आणली, आणि टॉर्चभाऊनं फी घेऊन ‘स्वच्छ’ म्हणून सांगितलं. ग्रुपवर लोकांनी काकांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि त्याहून जास्त कौतुक टॉर्चभाऊच्या नजरेचं केलं. बघा, ज्याची वस्तू त्याला दिसलं नाही, पण भाऊला दिसलं.

घरी काकांनी सगळं कपाट रिकामं केलं. बुरशी लागण्यासारखी असते म्हणून एकेक लेन्स पुसून गच्चीवर उन्हात ठेवली आणि स्वतः दिवसभर शेजारी स्टुलावर बसून राहिले, कावळे येऊ नयेत म्हणून. काकूंनी जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. संध्याकाळी खाली येऊन त्यांनी विचारलं की समोरच्या इमारतीवरची पाटी तुला वाचता येते का. काकूंनी वाचली. त्यांनाही वाचता येत होती, पण ती पाठ असल्यामुळे येते की दिसते म्हणून येते, हे त्यांना ठरवता येईना.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरनं अक्षरांचा तक्ता दाखवला, काकांनी शेवटची ओळ वाचली, डॉक्टर म्हणाला डोळे तरण्या माणसाचे आहेत. आता कुणीही यावर विश्वास ठेवला असता. पण काकांचं गणित वेगळं होतं. ऑपरेशन त्यानंच केलेलं, तो आपलं काम वाईट झालं असं कशाला म्हणेल? टॉर्चभाऊचा मात्र यात काय फायदा? त्यानं लेन्स घेतली नाही, दिली नाही, आपली फी घेतली आणि तोंडावर खरं सांगितलं. ज्याचा काही फायदा नाही त्याचं खरं, असा त्यांचा हिशोब. भोळ्या माणसाची हुशारी ही अशी असते, त्याच्याच गळ्याला लागते.

मग एक दिवस ते पुन्हा फूड कोर्टात आले, न बोलावता. बरोबर दुसरी लेन्स होती, रोजच्या वापरातली. समोर बसले आणि म्हणाले की ही बघा. टॉर्चभाऊला काकांची पीडा टळावी असं वाटत होतं, आणि खोटं सांगण्यात काही लाभही नव्हता. त्यानं टॉर्च लावून बघितलं आणि अगदी मोकळेपणानं सांगितलं.

“स्वच्छ आहे, काका. एकदम स्वच्छ.”

काकांनी मान हलवली. “मलाही स्वच्छच दिसते,” ते म्हणाले. “तीही अशीच दिसत होती. म्हणजे मला फरकच कळत नाही.”

काकांशी टॉर्चभाऊ पहिल्यांदाच खरं बोलला होता, आणि त्यानंही माणूस खड्ड्यातच गेला होता. काकांनी मग शांतपणे सगळं सांगितलं. परवा एक मुलगी परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली. त्यांनी काढला, मोठा करून बघितला, दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे चांगले वाटत होते, पण वाटण्यावर भरवसा राहिला नव्हता. शेवटी तिला समोरच्या स्टुडिओत पाठवून दिलं. शाळांची कामंही नाही म्हणून कळवली. काकांना एकच विनंती करायची होती. खरी बुरशी लागलेली एखादी लेन्स असेल तर ती दाखवा, दिसते का बघतो. दिसली तर डोळे आहेत, नाही दिसली तर सुटलो.

टॉर्चभाऊच्या घरी तशी एक लेन्स होती. खरीखुरी सडलेली, आत जाळंच जाळं, नव्या लोकांना बुरशी कशी असते ते दाखवण्यापुरती ठेवलेली. ती आंधळ्यालाही दिसली असती, आणि हीच तर पंचाईत होती. काकांना ती दिसली की त्याच क्षणी त्यांना कळणार होतं की आपल्या लेन्समध्ये असलं काहीच नव्हतं. मग प्रश्न, मग ग्रुप, मग मेहुणा, मग सगळंच. टॉर्चभाऊ म्हणाला, नाही हो काका, असली घाण आपण जवळ ठेवत नाही.

घरी गेल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. पार्सलं बांधायचं काम तीच करायची, फुगे असलेल्या प्लॅस्टिकात लेन्स गुंडाळायची, चिकटपट्टी दातानं तोडायची. तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं तिनं कधी ब्र काढला नव्हता, कारण घर त्यावरच चालायचं.

“ती कपाटातली दाखवा त्यांना,” ती म्हणाली. “लेन्स गेली तर गेली. डोळे कशाला घेताय?”

टॉर्चभाऊ खवळला. तुझ्याच भावाचं ताट त्यात आहे, म्हणाला. नाव गेलं तर उद्या खायचं काय, फरशी? ती चिकटपट्टी तोडत राहिली.

महिना उलटला आणि काकांचा मेसेज आला. सगळंच विकायचं होतं, कॅमेरे, लेन्स, दिवे, स्टँड, पडदे. अनोळखी लोकांशी व्यवहार करायची आता हिंमत नाही, वस्तू खराब निघाली तर मला कळणारही नाही, तरी तुम्हीच घरी येऊन बघा आणि योग्य वाटेल त्या भावात घेऊन जा, इतर कुणावर माझा विश्वास नाही. घरी जायचं नाही हा टॉर्चभाऊचाच नियम. पण इतका मोठा माल एका जागी, तोही भाव न करणाऱ्या माणसाचा, म्हटल्यावर नियम गेला चुलीत. निघताना पिशवी जरा जड लागली. उघडून बघतो तर बायकोनं ती सडकी लेन्स रुमालात बांधून तळाशी ठेवलेली. तो तिच्याकडे बघत राहिला. ती भांडी घासत होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही. लेन्स बाहेर काढून ठेवायला त्याचा हात धजला नाही, म्हणून ती तशीच पिशवीत गेली.

काकांनी टेबलावर पांढरी चादर अंथरून सगळं ओळीनं मांडलं होतं. प्रत्येक वस्तूशेजारी तिचं खोकं, बिल आणि झाकण. भिंतीवर त्यांनी काढलेले फोटो होते, अनोळखी माणसांचे, म्हाताऱ्यांचे, तान्ह्या पोरांचे. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येकाच्या पापण्या मोजता आल्या असत्या. टॉर्चभाऊनं जवळ जाऊन बघितलं नाही. तो टॉर्च काढून एकेक लेन्स बघू लागला आणि एकेक स्वच्छ निघू लागली.

काका खोकी आणायला आतल्या खोलीत गेले तेव्हा काकू चहाचा कप घेऊन जवळ आल्या.

“तुमचे उपकार आहेत आमच्यावर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “बाकी सगळे यांना बरं वाटावं म्हणून गोड बोलले. तुम्ही एकट्यानं खरं सांगितलं. नाहीतर हे लोकांचे फोटो बिघडवत राहिले असते नि मागं लोक हसले असते.”

टॉर्चभाऊचा हात पिशवीत गेला होता. बोटांना रुमालाची गाठ लागली. आता काढायची, टेबलावर ठेवायची, काका ही बघा म्हणायचं, एवढंच होतं. म्हातारा एका मिनिटात परत माणसात आला असता. टॉर्चभाऊला हे दिसत होतं. त्याच्या नजरेचं उगाच कौतुक होत नव्हतं. पण त्याला पुढचंही दिसत होतं, ग्रुपवरचं त्याचं नाव, त्याखाली लोक काय काय लिहितील, आणि मेहुण्याचं तोंड. बोटं रुमालावरून सरकली, बाजूचं फुगे असलेलं प्लॅस्टिक सापडलं, ते त्यानं बाहेर काढलं आणि काकूंना म्हणाला, चहा फार छान झालाय.

सगळं गुंडाळून होत आलं तेव्हा काकांनी शेवटचा कॅमेरा मागून घेतला. त्याला ती हातानं फिरवायची लेन्स लावली, शर्टाच्या बाहीनं पुसल्यासारखं केलं, आणि टॉर्चभाऊच्या हातात दिला. इतकी वर्षं सगळ्या जगाचे फोटो काढले, म्हणाले, पण आमचा दोघांचा एकत्र असा एकही नाही, कारण काढणार कोण? आणि मी आता काढू शकत नाही. तुम्ही एक काढा, मग घेऊन जा.

दोघं भिंतीला लावून ठेवलेल्या बाकावर बसली. काकूंनी केस सारखे केले. चष्म्यावर उजेड चमकतो म्हणून काकांनी त्यांना चष्मा काढायला लावला, जन्मभराची सवय. टॉर्चभाऊनं डोळा लावला आणि रिंग फिरवली. कॅमेरे त्यानं ढिगानं तपासले होते, पण ते भिंतीवर नाहीतर छतावर रोखून, बटण चालतं का ते बघण्यापुरते. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर हातानं फोकस करायची वेळ कधी आली नव्हती. चेहरे समोर आले, गेले, पुन्हा आले, आणि काकूंनी त्याच्याकडे बघून हसायला सुरुवात केली तशी त्याला घाई झाली. त्यानं बटण दाबलं.

फोटो बिघडला होता. फोकस दोघांच्या बराच अलीकडे, हवेतच कुठंतरी राहिला होता, आणि सगळंच, चेहरे, भिंत, हात, वाफेतून बघावं तसं पुसट आलं होतं. टॉर्चभाऊनं ते बघितलं आणि तो काही बोलणार, तोवर काकांनी उठून कॅमेरा त्याच्या हातातून घेतला. सवयीनं अंगठ्यानं बटण दाबून फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, थेट काकूंच्या डोळ्यांपर्यंत. काकांचा चेहरा स्क्रीनला लागायला आला होता. काकू चष्मा पदराला पुसत होत्या.

“मला अंधुक दिसतंय,” काका म्हणाले.

हलला हो हात, परत काढतो. एवढंच म्हणायचं होतं. त्यात ना नाव जात होतं, ना ग्रुप, ना मेहुणा, ना लेन्स. पण ज्याच्या नजरेवर सगळं जग भरवसा ठेवतं त्याला साधा फोटो काढता येत नाही, हे या म्हाताऱ्यासमोर कसं कबूल करायचं, एवढंच टॉर्चभाऊच्या मनात आलं. निर्लज्जपणाला तळ नसतो म्हणतात ते खोटं आहे. तळ असतो, आणि तिथं पोचल्यावर माणूस अगदी सहज बोलतो.

“सुरेख आलाय, काका. पापणी न् पापणी दिसतेय.”

काका स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते शंभर टक्के खरं होतं. मग त्यांनी मान हलवली आणि कॅमेरा परत दिला.

“असणारच. तुम्ही काढलाय,” ते म्हणाले. “मोठा करून पाठवा, मधल्या भिंतीवर लावू. मला नाही दिसला तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल.”

टॉर्चभाऊ बरं म्हणाला, आणि कॅमेरा प्लॅस्टिकात गुंडाळू लागला.